तेलातुपाचं उरलेलं भांडण

शालूवहिनी, तुमच्या तेरवीला मी हलवायाशी भांडले.

अंगणात मांडव घातलेला, आत गुरुजींची मांडामांड चाललेली, आणि हलवायाने टेम्पोतून कढईपाठोपाठ एक पत्र्याचा डबा उतरवला. आतलं तेल काकवीच्या रंगाचं. मी विचारलं, "भैया, ये क्या है?" तो म्हणाला, "तेल है दीदी. दो ही शादियों में चला है, अभी बहुत जान है इसमें." मी तो डबा जसा आला तसा टेम्पोत ठेवायला लावला आणि दुकानातून नवे डबे मागवले. तुमच्या नागपूरच्या मामेबहिणीने दंड धरून मला बाजूला घेतलं. "वृंदा, दुःखाच्या घरी तेलाचं काय घेऊन बसली तू?" मी म्हटलं, या घरात दुःख असो की बारसं, एकदा तळलेल्या तेलात पुन्हा तळत नाहीत, हा इथला कायदा आहे आणि जिची तेरवी आहे तिनेच तो केलाय. त्यांनी माझा दंड सोडला. वड्यांचा पहिला घाणा सोनेरी निघाला आणि तो तुम्हाला दाखवायला म्हणून मी मागे वळले. तुम्ही गेल्यापासून मी सगळ्यांना धीर देत फिरत होते, पण धाय मोकलून रडू आलं ते तिथे, कढईपाशी. हलवायानेच मला पाणी आणून दिलं.

भोपाळजवळच्या मिसरोदच्या या घरात खाली तुम्ही आणि भाऊजी, वर आम्ही दोघं. मोठी जाऊ यवतमाळची आणि धाकटी पुण्याची म्हटल्यावर लोकांना वाटायचं, यांचं कसं जमतं. जमायचं नाहीच. आपण रोज भांडायचो, आणि ते भांडण चुकलं की दोघींनाही दिवस आळणी जायचा.

सुरुवात भाऊजींच्या बायपासपासून झाली. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ होते. भाऊजी घरी आले त्या दिवशी मी खाली येऊन तुम्हाला एका दमात सगळं सांगितलं: तळण बंद, तूप बंद, फरसाण बंद, वरून तेल घेणं बंद. तुम्ही कणीक मळत होतात. हात न थांबवता म्हणालात, "बंद करणं सोपं असते वृंदा. ते कोणीही सांगते. चालू काय राहते, ते सांग."

माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून दुपारी भाऊजींचा डोळा लागला की तुम्ही वर माझ्या स्वयंपाकघरात यायचात आणि आपली घासाघीस सुरू व्हायची. खाली बोलायचं नाही, ही तुमची अट. "त्यांना वाटेल, माझ्यापायी घरात कटकट होऊन राहिली." म्हणून सगळी भांडणं माझ्या ओट्यापाशी झाली आणि खालच्या मजल्याला त्यांचा पत्ता लागला नाही.

मी सांगायचे की तेल कोणतंही घ्या, चमच्यामागे उष्मांक तेवढेच. चांगलं तेल आहे म्हणून सढळ हाताने ओतायचं नसतं. फरक असतो स्वभावात. थंडीत थिजतात ते तूप, लोणी, खोबरेल हात राखून वापरायचे. पातळ राहतात ती शेंगदाणा, करडई, तीळ, सरसों, सोयाबीन ही मंडळी हृदयाला बरी. पण एकाच्याच गळ्यात सगळा संसार बांधू नये, प्रत्येकात काही असतं आणि काही नसतं, म्हणून आलटूनपालटून वापरावीत. आणि कारखान्यात पातळ तेलाला जबरदस्तीने घट्ट केलेलं वनस्पती तूप, त्याच्या वाटेलाच जायचं नाही. मी हे व्याख्यान हजारदा दिलं असेल. तुम्ही ते ऐकलंत आणि चार दिवसांत त्याचं तुमच्या भाषेत करून टाकलंत. "सोयाबीन म्हणजे आपल्या भोपाळचा सरकारी नोकर. कुठंही बदली करा, मुकाट्यानं काम करते. शेंगदाणा म्हणजे थोरला दीर, तापला तरी लवकर धूर काढत नाही. आणि जवस म्हणजे माहेरी आलेली लेक, तिला चुलीपुढं बसवायचं नाही." मी पुढे दवाखान्यात पेशंटना हेच सांगायला लागले. त्यांना माझ्या तक्त्यापेक्षा ते जास्त कळायचं.

जवसाचं तुम्हाला हे शहाणपण सुचलं ते घरभर घाण वास सुटल्यावर, हे मात्र मी विसरू देणार नाही. मी म्हटलं होतं, जवसाच्या तेलात हृदयाला हवी ती चरबी असते, जी आपल्या जेवणात एरवी फार थोडी मिळते. तुम्ही जन्मभर पिठल्यावर ते कच्चं घेतलेलं. तुमच्या आईने त्याला कधी आच दाखवली नव्हती. पण आहारतज्ज्ञ जाऊबाई म्हणाली चांगलं, म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं, असा हिशेब करून तुम्ही माहेरून आलेली अख्खी बरणी कढईत रिकामी केलीत आणि भाऊजींसाठी कांद्याची भजी तळलीत. वास वरच्या मजल्यावर मला आला. शेजारचे शर्माजी फाटकाशी येऊन विचारून गेले, "भाभीजी, दरवाज़ों पर पॉलिश करवा रही हैं क्या?" त्यांचं नाक बरोबर होतं, रंगवाले तेच तेल वापरतात. भाऊजींनी मान खाली घालून दोन भजी खाल्ली आणि "चव वेगळी आहे" एवढंच म्हणाले. संध्याकाळी तुम्ही वर येऊन मलाच फैलावर घेतलंत. "तू कच्चं म्हटलंच नाही." मी म्हटलं, "तुमच्या आईने जन्मभर सांगितलं ते?" तुम्ही म्हणालात, "म्हणजे माझी आई तुझ्यापेक्षा हुशार." आणि पिठल्यावरचं कच्चं तेल त्या दिवशी तुम्ही माझ्याकडून कायमचं सोडवून घेतलंत.

असं एकेक सोडवून घेत गेलात. दिवाळीचं तळण तुम्ही लहान, खोलगट कढई आणून वाचवलंत. तेल कमी लागतं, आधी स्वच्छ पदार्थ तळायचे, बेसनाचे शेवटी, आणि उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीत संपवायचं. पुन्हा कढईत चढवायचं नाही. दिवाळीच्या तेलावर संक्रांत काढणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, आणि तेल फेकायला सांगितलं की त्या लक्ष्मीची शपथ घालतात. तुम्ही कुणाला शपथ घातली नाहीत, कढईच बदललीत. वनस्पती तूप मात्र तुम्ही न भांडता दिलंत. शंकरपाळ्यांना तेलाचं मोहन घालून पाहिलंत, खुसखुशीत झाल्या, विषय संपला. मला तर जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

बिट्टन मार्केटच्या हाटातून भाजी घेऊन आपण त्या किराणा दुकानात जायचो, ते आठवून आजही हसू येतं. दुकानदाराने एकदा मोठ्या भक्तिभावाने एक बाटली पुढे केली. पत्त्यातल्यासारख्या लाल बदामाचं चित्र, खाली लिहिलेलं, कोलेस्टेरॉल अजिबात नाही. तुम्ही चष्मा लावला. "भैया, बीज के तेल में कोलेस्टेरॉल था ही कब, जो इन्होंने निकाला?" तो काहीतरी म्हणायला गेला, तर तुम्ही बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लागलात: संपृक्त चरबी किती, ट्रान्स चरबी किती, कशाकशाची भेसळ, म्हणजे त्यांच्या भाषेत 'मिश्रण'. मागे रांग लागली. दुकानदार हात जोडून म्हणाला, "आंटीजी, आप जो बोलें वही दे देता हूँ." बिस्किटांच्या पुड्यामागचं पाम तेलही तुम्हीच शोधून काढायचात. मी शिकवलेलं इतकं अंगी लागलेला दुसरा माणूस मला भेटला नाही, वहिनी. दवाखान्यात मी जे आयुष्यभर बोलले ते खरं ठरलं की नाही मला कळायला मार्ग नव्हता. तुमच्या घरात ते खरं ठरताना मी रोज बघितलं. भाऊजी बरे झाले, चालायला लागले. मला त्याचं श्रेय देऊन तुम्ही माझी ओटी भरली होतीत, त्यावर मी काही बोलले नव्हते. आज बोलते. ते श्रेय तुमचं होतं.

राहिलं ते तुपाचं भांडण. त्या मंगळवारी दुपारी तुम्ही फोन नाचवतच वर आलात. तुमच्या मंदारने बंगळुरूहून कसला तरी व्हिडिओ पाठवला होता, त्यात एक जण सकाळी चहात चमचाभर तूप घालून पीत होता आणि त्याने म्हणे सगळी चरबी वितळते. "बघ. आता तरी वरणभातावर दुसरा चमचा मंजूर कर." मी म्हटलं, खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, हा बाणा सोडा; एक चमचा मी कधीच नाकारला नाही, पण ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसरा नाही. तूप विष नाही, तसं अमृतही नाही. तुम्ही म्हणालात, "तुझ्या शास्त्रात चव नावाचं काही असते की नाही?" मी तोंड उघडलं तेवढ्यात खाली सिलिंडरवाला आला. जिना उतरता उतरता तुम्ही म्हणालात, "राहिलेलं संध्याकाळी भांडू."

संध्याकाळी आपण सगळे दवाखान्यात होतो. तुमच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तुमच्या आईचंही असंच झालं होतं. रक्तदाब तुम्हाला तिच्याकडून आला होता, गोळ्या तुम्ही नेमाने घेत होतात, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. तरी झालं. मी या क्षेत्रात जन्म घालवलाय, म्हणून ठामपणे सांगते: चांगलं खाणं म्हणजे अमरपट्टा नव्हे. त्याने दिवस बरे जातात, आणि बहुतेकदा जास्तही मिळतात. कुणाला किती, हे कोणत्याही बाटलीमागे छापलेलं नसतं.

पण हे भाऊजींना कोण सांगणार? भेटायला येणारे एकेक जण काय काय बोलून गेले! "तेल मोजून वापरणारी बाई गेली, आणि आम्ही समोसे खाणारे बसलोय," असं एक गृहस्थ चहा पिता पिता म्हणाले. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांनी तेरवीला उभं राहून भाषण केलं. "शालिनीताई म्हणजे त्यागमूर्ती. पतीच्या आजारपणात त्यांनी स्वतःच्या जिभेचे सगळे चोचले सोडले." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला तुमचा चेहरा दिसत होता. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "यांनी माझ्या घरी कधी जेवून पाहिलं का?" भाऊजी मात्र एकेक शब्द ऐकत होते. त्यांनी ताटातला वडा मोडला आणि तसाच ठेवला.

तेरवी झाली, मंदार परत गेला, आणि भाऊजींनी पथ्य सोडलं. मी सकाळी भाजीपोळीचं ताट खाली न्यायचे, ते झाकलेलंच परत यायचं. मग शर्माजींनी सांगितलं, भाईसाहब रोज होशंगाबाद रोडवरच्या ठेल्यावर कचोरी खाताना दिसतात. मंदारचा फोन आला. "काकू, बाबा माझं ऐकतच नाहीयेत. कहते हैं, जाने दे यार. तू काहीतरी कर ना." मी स्वतः जाऊन बघितलं. ठेल्यावरची कढई काळीकुट्ट, आणि भाऊजी बाकावर बसून कचोरी खात होते. चवीने नव्हे. औषध घ्यावं तशी एकेक तुकडा गिळत होते. आपण दोघींनी इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून राखलेलं ते हृदय होतं, वहिनी. मला इतका राग आला की मी त्यांच्या हातातला द्रोण काढून घेतला. धाकट्या भावजयीने थोरल्या दिराच्या हातातून घास काढावा, असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "वृंदा, तिनं माझ्यापायी सगळं सोडलं. तिला खायला किती आवडायचं. मी बिमार पडलो, आणि तिनं कधी तोंडातून एक शब्द काढला नाही. आता ती गेली, मी राहिलो. हे पथ्य मी कोणत्या तोंडानं पाळू?"

तेव्हा मला कळलं की त्यांना मरायचं नव्हतं, त्यांना तुमची फेड करायची होती. आणि जे तुम्ही कधी दिलंच नव्हतं त्याची फेड ते करत होते.

मी त्याच बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. तुमची अट मोडली, वहिनी, पण आता मला कोण विचारणार. म्हटलं, "भाऊजी, कोण म्हणतं एक शब्द काढला नाही? रोज दुपारी तुम्ही झोपलात की वर येऊन माझं डोकं खायच्या. त्यांनी काहीही सोडलं नव्हतं. एकेका घासासाठी माझ्याशी भांडून तो त्यांनी मिळवला होता, तुमच्यासाठी आणि स्वतःसाठीही. कच्चं तेल मिळवलं, दिवाळीचं तळण मिळवलं, रोजचं चमचाभर तूप मिळवलं. गेल्या त्या दिवशी दुपारीही दुसऱ्या चमच्यासाठी भांडत होत्या." त्यांना खरं वाटेना. मी विचारलं, "त्या जेवताना तुमच्या समोरच बसायच्या ना? कधी रडतखडत जेवताना पाहिल्यात?"

भाऊजींनी रुमालाने हात पुसले. मग म्हणाले, "नाही. मिटक्या मारत जेवायची." आणि बोलता बोलता त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. ठेलेवाल्याने विचारलं, "बाबूजी, मिर्च ज़्यादा लग गई क्या?"

तुपाबद्दल मला तुम्हाला जे सांगायचं होतं ते सिलिंडरवाल्यामुळे राहिलं, ते आता ऐका. चव माझ्या शास्त्रात नव्हती. ती तुम्ही आणलीत, आणि म्हणूनच भाऊजींचं पथ्य इतकी वर्षं टिकलं, कारण त्या घरात कुणाला पथ्य असल्यासारखं वाटलं नाही. एवढं अर्धं तुमचं बरोबर. दुसऱ्या चमच्याचं अर्धं अजून चूक, आणि ते मी तुम्ही गेलात म्हणून मान्य करणार नाही. मेलेल्या माणसाशी वाद घालताना लोक हार पत्करतात, मला ते कधी पटलं नाही. तुम्हालाही पटलं नसतं.

काल दुपारी मी खाली तुमच्या ओट्यावर गोळाभात केला. पुणेकरणीने पहिल्यांदाच एकटीने. डाळीच्या भरड्याचे गोळे जरा घट्ट झाले, एक फुटलाही. फोडणीसाठी शेंगदाण्याचं तेल, मोहरी, हिंग, लाल मिरची. भाऊजी पाटावर येऊन बसले. मी भातात गोळा कुस्करून वरून चमचाभर चरचरीत तेल सोडलं. पहिला घास घेऊन ते थांबले. मला वाटलं, आता ताट सरकवणार. "शालूच्या हातचा नाही हा," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाहीच." मग त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. भात अर्धा झाल्यावर ताट पुढे केलं. "अजून एक चमचा सोड."

"नाही."

"गोळा कोरडा लागून राहिला."

"ताक घ्या."

"ताकानं गोळाभात खाते का कोणी? तू पुण्याची आहेस, तुला समजत नाही. अर्धा तरी दे."

भाऊजींनी आजवर जेवणावरून कधी एका शब्दाने हट्ट केला नव्हता. पुढ्यात येईल ते खायचे. काल ते अर्ध्या चमच्यासाठी माझ्याशी भांडत होते, आणि आवाज चढला होता. मी अर्धाही दिला नाही, वहिनी. ते चिडले, भात चाटूनपुसून संपवला, आणि हात धुता धुता माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या वांग्याचं भरीत कर. मी हाटातून वांगी आणतो."

तुम्ही गेल्यापासून त्यांच्या तोंडून 'उद्या' हा शब्द मी काल पहिल्यांदा ऐकला.